प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज : मनोराज्य आणि मानसपूजा



पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधोमध आमचे खुटबाव. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोराहून यवतेला आणि यवतेहून वरवंडला जाते, ती आमच्या शेजारून. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला वारी म्हणजे घरचेच कार्य. गावात एक माळकरी आजी आहेत. त्यांनी पुष्कळ वर्षे पायी वारी केली. पुढे गुडघे गेले आणि मागोमाग काचबिंदूने नजर गेली. नातवाने मोबाईलवर पंढरपूरचे दर्शन लावून दिले, पण त्यातला आवाज तेवढा कानी येतो. तेव्हा आषाढ जवळ आला की आजी ओसरीवर बसून मनाने वारी चालतात. आज आकुर्डी, आज पुणे, आज लोणी, असे मुक्काम बोटांवर मोजतात.

एकदा त्यांनी आम्हाला गाठले आणि मनातली टोचणी सांगितली. डोळे मिटून त्या पांडुरंगाला पाहतात, तुळशीची माळ घालतात, पायांवर डोके ठेवतात. पण हे सारे आपल्याच मनाचे खेळ तर नव्हेत? मनात आणलेला देव खरा कसा म्हणावा? शिवाय दुसरी अडचण. यवतेची पिठलं-भाकरी मनातल्या मनात खाऊन पुढे पाऊल टाकावे, तो बांध कोरणारा दिराचा मुलगा समोर उभा राहतो. मग पालखी राहते बाजूला आणि भांडण सुरू. असली वारी देवाला पोचते का, एवढेच त्यांना हवे होते.

आम्हाला त्या दिवशी घाई होती. देव भावाचा भुकेला आहे, असे काहीतरी ठरीव बोलून आम्ही उठलो. आजी बऱ्या म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की उत्तर काही मिळाले नाही. ती गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. पुढे श्रीगुलाबराव महाराजांच्या चरित्राचे चिंतन करताना असे वाटले की आजींचे उत्तर येथे आहे. म्हणून ते चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

विदर्भात अमरावती जिल्ह्यात माधान नावाचे गाव आहे. तेथील गोंदुजी मोहोड हे कुणबी समाजातले गृहस्थ. त्यांच्या पत्नी अलोकाबाई. लोणी टाकळी या आजोळच्या गावी ६ जुलै १८८१ रोजी, म्हणजे शके १८०३ च्या आषाढ शुद्ध दशमीला, महाराजांचा जन्म झाला. वाखरीहून पालख्या पंढरीत शिरतात तो हा दिवस. दुसऱ्या दिवशी एकादशी. वारकऱ्याला याहून चांगला मुहूर्त कोणता सांगावा!

पण दैव पाहा. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच डोळ्यांचे दुखणे आले. औषध केले ते उलटले असे सांगतात, आणि दृष्टी कायमची गेली. चार वर्षांचे झाले तेव्हा आई वारली. मग आजीने त्यांना आजोळी नेऊन वाढवले.

येथे क्षणभर थांबावे. आमच्या आजींची नजर म्हातारपणी गेली. त्यांच्यापाशी आयुष्यभर पाहिलेल्याची शिदोरी आहे. विटेवरचे समचरण, चंद्रभागेचे वाळवंट, भगव्या पताका, सारे त्यांनी डोळे भरून पाहिलेले आहे; मिटल्या डोळ्यांपुढे ते आणायचे एवढेच. महाराजांच्या गाठीला तीही शिदोरी नव्हती. आईचे तोंड कसे होते हे त्यांना आठवून सांगता आले नसते. सावळा रंग म्हणजे काय, पीतांबर पिवळा म्हणजे कसा, हे त्यांना कोण कसे सांगणार? असे असताना पुढे त्यांनी श्रीकृष्णाची जी सेवा केली, शृंगार केला, लीला वर्णिल्या, त्या कशाच्या बळावर? डोळ्यांच्या बळावर तर नक्कीच नव्हेत. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात, म्हणजे प्रज्ञा हेच ज्यांचे डोळे.

शाळा नाही, पाटी नाही, अक्षरओळख नाही. दुसऱ्याने वाचावे आणि महाराजांनी ऐकावे, असे त्यांचे सारे शिक्षण. आणि एकदा ऐकले की ते गाठीला बांधलेच म्हणून समजा. अशा रीतीने शास्त्रे, पुराणे, उपनिषदे, भागवत, संतांचे ग्रंथ त्यांनी आपलेसे केले. १८९६ साली मनकर्णिकाबाईंशी त्यांचे लग्न झाले. त्यांनी भगवी कफनी घेतली नाही, घर सोडले नाही. शेतकऱ्याच्या घरात राहूनच हे सर्व चालले होते.

१९०१ साल हे या चरित्रातले मोठे वळण होय. महाराज तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी दर्शन देऊन त्यांना मांडीवर घेतले आणि आपल्याच नावाचा मंत्र दिला, अशी त्यांची आणि त्यांच्या संप्रदायाची दृढ श्रद्धा आहे. माउलींनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली. मध्ये सहाशेपाच वर्षे लोटलेली. पण लेकराला हाक मारायला आईला पंचांग कशाला लागते? तेव्हापासून महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणू लागले.

मुलगी का म्हणवून घेतले असेल? आम्हाला याचे मर्म असे वाटते की, मुलगी बाप एखाद्याच्या हाती सोपवतो. माउलींनी ही लेक श्रीकृष्णाच्या हाती दिली. १९०५ च्या सुमारापासून महाराजांनी स्वतःला श्रीकृष्णपत्नी मानून तशी चिन्हेही धारण केली. गळ्यात मंगळसूत्र, कपाळी कुंकू. गोपींनी केले तसे कात्यायनीव्रत त्यांनी आचरले. लग्न झालेला एक शेतकरी पुरुष मंगळसूत्र घालून बसलेला पाहून जगाने हसू नये तर काय करावे! आजही एखाद्याने तसे केले तर आपण त्याला शहाणा म्हणणार नाही.

म्हणूनच येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. मनात चित्रे आपण सगळेच काढतो. दुपारी बांधावर बसलेला माणूस डोळे मिटून काय करतो? यंदा ऊस चांगला आला, भाव मिळाला, माडी बांधली, गावाने सरपंच केले, आणि बांध कोरणारा भाऊबंद हात जोडून दारात उभा राहिला. याला आपल्याकडे मनोराज्य म्हणतात. नावच बोलके आहे. मनाच्या राज्यात राजा एकच, तो म्हणजे मी. बाकीचे सगळे माझ्या सोईसाठी.

मानसपूजेतही चित्रच आहे. पण तेथे सिंहासनावर देव बसलेला असतो आणि मी चवरी ढाळीत उभा असतो. साधन तेच, मन तेच, कल्पनाही तीच. फक्त बसायची जागा बदलली. गुलाबराव महाराजांनी ही अदलाबदल शेवटपर्यंत नेली. पुरुष म्हणून असलेला मान, घरधनी म्हणून असलेला मान, विद्वान म्हणून मिळणारा मान, हे सारे त्या एका मंगळसूत्राखाली ठेवून दिले. मनोराज्य करणाऱ्याला जनांचे हसू सोसत नाही, कारण त्याचा सगळा खटाटोप मोठे दिसण्यासाठी असतो. महाराजांनी ते हसू उघड्या माथ्याने घेतले. कल्पना शुद्ध आहे की नाही, याची ही पहिली खूण धरावी.

आता कोणी म्हणेल की असला भाव भोळ्या, दुबळ्या डोक्याच्या माणसाला होतो. तर महाराजांची दुसरी बाजू पाहावी. या अंध पुरुषाने मराठी, हिंदी आणि संस्कृतात सव्वाशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले, आणि ते सगळे तोंडी सांगून दुसऱ्याकडून उतरवून घेतले. डार्विन आणि स्पेन्सर या इंग्रज पंडितांची मते ऐकून त्यांवर त्यांनी आपली टीका मांडली. मानसायुर्वेद नावाचा ग्रंथ करून मनाच्या रोगांचा आणि उपायांचा विचार केला. झरझर लिहून घेता यावे म्हणून लघुलिपी बसवली, नावंग नावाची एक सांकेतिक भाषाही तयार केली. हे काम दुबळ्या डोक्याचे नव्हे. ज्याची बुद्धी इतकी धारदार, त्याने भावाला लगाम लावून हाती धरले होते, हे उघड आहे.

त्यांच्या मताला मधुराद्वैत म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट समजण्यासारखी आहे. देव आणि मी एकच, हे अद्वैत. मग भक्ती कोणी कोणाची करायची? पुष्कळांना वाटते की ज्ञान झाले म्हणजे भक्तीचा खेळ संपला. महाराजांचे सांगणे असे की, संपत नाही. उलट तेव्हाच ती गोड होते. अंधारात दोरीवर साप दिसला, तीही कल्पनाच. पण ती अज्ञानातून आली. दिवा आणला की गेली. आता घरातले आजोबा पाहा. नातवासाठी ते चार पायांवर घोडा होतात. आपण घोडा नाही हे आजोबांना ठाऊक, नातवालाही ठाऊक. तरी त्या खेळाला खोटे कोण म्हणेल? त्यातले प्रेम खरे आहे. दिवा आणला म्हणून हा घोडा पळत नाही! ज्ञान असून प्रेमासाठी मुद्दाम धरलेले दोनपण ते असे.

माउलींनीही अमृतानुभवात हेच दाखवले आहे. एकाच डोंगरातून कोरलेले देऊळ असते, त्यात देवही त्याच दगडाचा, भोवतालचे भक्तही त्याच दगडाचे. वेरूळला जे गेले असतील त्यांना हे लगेच पटेल. दगड एक, म्हणून पूजा थांबली नाही. आणि पूजा आहे, म्हणून दगड दोन झाले नाहीत. गुलाबराव महाराजांनी बापाची ही शिकवण आपल्या अंगावर मंगळसूत्राच्या रूपाने वागवली.

अवघी चौतीस वर्षे ते या लोकी राहिले. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाबाजी महाराज पंडितांनी त्यांची परंपरा पुढे चालवली. आमच्या खुटबावापासून पुणे काही लांब नाही. पण इतक्या जवळ हा दिवा मालवला, हे आम्हालाही फार उशिरा कळले.

असो. आता आजींच्या दुसऱ्या अडचणीकडे वळू. ध्यानात भलते विचार येतात, त्याचे काय?

ही अडचण एकट्या आपल्याच माणसांची नाही. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, ते बेने इस्रायल लोक म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तने सुरू केली. साज कीर्तनाचा, आख्यान त्यांचे. या यहुदी धर्मात देवाची मूर्ती करण्यास सक्त मनाई आहे. पण मूर्ती नाही म्हणून मनातली चित्रे थांबतात थोडीच! त्यामुळे कल्पनेचे करावे काय, हा विचार त्यांच्या थोरांनाही करावा लागला. १२०४ साली वारलेले त्यांचे महापंडित मैमोनिदीस यांचे म्हणणे असे की, ईश्वरी तेज बुद्धीवर उतरते आणि तेथून कल्पनाशक्तीत ओसंडते. म्हणून द्रष्ट्याची बुद्धी, कल्पना आणि शील तिन्ही चांगली हवीत. ज्ञानदेवांच्या काळात युरोपात होऊन गेलेले त्यांचे योगी अबुलाफिया ईश्वरनामाची अक्षरे फिरवून फिरवून त्यांतच मन मुरवीत. नामधारकाला हे ऐकून परके वाटू नये.

पुढे अठराव्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव नावाचे सत्पुरुष झाले. ते १७६० साली वारले. त्यांच्या परंपरेत अशी शिकवण आहे की, प्रार्थना करताना भलता विचार आला तर त्याला वैऱ्यासारखा हाकलू नये. त्याचे मूळही देवापाशीच आहे; तो वाट चुकून आला आहे. त्याला त्याच्या मुळाकडे वळवून द्यावे. पण त्याच परंपरेतल्या श्नेउर झाल्मन या गुरूंनी १७९६ साली निघालेल्या आपल्या तान्या ग्रंथात बजावले की, हे काम पोचलेल्यांचे. साध्या माणसाने तसल्या विचाराशी बोलत बसू नये, ऐकून न ऐकल्यासारखे करावे आणि प्रार्थना अधिक जोराने चालू ठेवावी. दोन्ही सांगणी अनुभवातून आलेली दिसतात.

आमच्या भागात उसाची गुऱ्हाळे पुष्कळ. रस काहिलीत पडतो तेव्हा तो गढूळ असतो. तो तसाच ठेवला तर संध्याकाळपर्यंत आंबतो. गढूळ आहे म्हणून ओतून दिला तर गूळ कशाचा करणार? गुळव्या त्याखाली चुलाण पेटवतो, रानभेंडीचे पाणी घालतो. मग मळी वर येते, ती तो झाऱ्याने काढीत राहतो. मळी वर आली म्हणून गुळव्या घाबरत नाही. वर आली तरच ती काढता येते हे त्याला ठाऊक असते. रस तापला नसता तर ती आतच राहिली असती.

कल्पनेचेही असेच आहे. ती मुळात वाईट नाही, पण कच्ची ठेवली की आंबते आणि तिचे मनोराज्य होते. तिला नामाच्या चुलाणावर ठेवावे लागते. ध्यानाला बसल्यावरच भांडणे का आठवतात, असे आपल्याला वाटते. अहो, तापल्यावरच मळी वर येणार! तिला काढून टाकायचे आणि जाळ चालू ठेवायचा. जाळ सोडून मळीकडे पाहत बसलो तर रस करपतो, हेही तितकेच खरे.

आणि गूळ झाला हे कसे ओळखावे? महाराजांच्या चरित्रातून आम्हाला तीन खुणा दिसतात. मनातले रूप आपल्या लहरीने काढलेले नसावे. गुरूने, संतांनी, शास्त्राने दिलेले असावे. महाराजांना ते माउलींकडून आले. दुसरी खूण वर आलीच आहे : त्या चित्रात मी लहान व्हायला हवा. आणि तिसरी अशी की, शहाणपणाचा डोळा मिटता कामा नये. चार लोकांत वावरताना, व्यवहारात, बोलण्यात त्या ध्यानाचा गोडवा उतरला पाहिजे. नाही उतरला, तर काहिलीत अजून रसच आहे असे समजून जाळ घालीत राहावे. निराश व्हायचे कारण नाही.

पुढल्या आषाढात आम्ही आजींकडे गेलो. या खेपेस घाई केली नाही. ओसरीवर बैठक मारून गुलाबराव महाराजांची ही सारी कथा त्यांना सांगितली. जन्मात कधी काही न पाहिलेल्या माणसाने देवाला कसे पाहिले, हे ऐकताना त्यांचे हात जोडलेलेच होते. तुम्ही पाहिलेला पांडुरंग तुमच्या मनाने घडवलेला नाही, तुम्हाला संतांनी तो विटेवर दाखवून दिलेला आहे. तुम्ही फक्त डोळे मिटून तेथे जाता, आणि जाताना लहान होऊन जाता, एवढे आम्ही सांगितले. पुतण्या आडवा आला तर त्याच्याशी बोलू नका, अभंग मोठ्याने म्हणा, असेही सुचवले.

आजींनी ऐकून घेतले. मग थोड्या वेळाने हसून म्हणाल्या की, त्याला हाकलून तर कित्येक वर्षे पाहिले, जात नाही तो. यंदा त्याच्या हाती टाळ देऊन त्याला दिंडीत घेते, चालेल का?

आम्ही काय बोलणार! जे काम पोचलेल्यांचे म्हणून आम्ही त्यांना सांगितलेही नव्हते, ते त्यांना आपसूक सुचले होते. बांधाचा वाद मिटला का म्हणाल, तर नाही. तो अजून आहे. पण त्या हंगामात घरी नव्या गुळाची पहिली ढेप आली तेव्हा आजींनी तिचा अर्धा भाग फोडून नातवाच्या हाती दिराच्या घरी धाडला, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या मनातली वारी पोचली की नाही हे पांडुरंग जाणे. आम्हाला मात्र तिची वाट दिसली.

ज्यांना यंदा काही कारणाने पायी जाणे होणार नाही, त्यांनी खंत करू नये. ओसरीवर बसावे, मुक्काम मोजावेत, नाम सोडू नये. वर येईल ती मळी काढीत राहावे. माउलींची अंध लेक ज्या वाटेने गेली ती वाट सर्वांना मोकळी आहे.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥